ज्याच्या कप्प्यात, त्याचं

इझाबेलच्या पोरांना वळण फार चांगलं लागलं, असं आमच्या आळीत सगळे म्हणतात. तिच्या मातीला आलेली माणसंसुद्धा तेच म्हणत होती. खुर्च्या बघा कशा ओळीत लावल्यात, पाण्याचे ग्लास बघा कसे झाकलेत. मी म्हणते, लागलं बाबांनो, वळण लागलं, जरा जास्तच लागलं. आणि हे म्हणायचा मला हक्क आहे. इझाबेल माझी थोरली जाऊ. तिचा पीटर आणि माझा अँथनी सख्खे भाऊ. वसईजवळच्या निर्मळ गावात सासऱ्यांच्या घराला मधोमध भिंत घालून दोन घरं केलेली. तिच्याकडे भांडं पडलं की माझ्याकडे ऐकू यायचं. म्हणजे पडलं असतं तर आलं असतं. तिच्याकडे भांडं पडत नसे.

मी मार्था. माझ्या घरातली कात्री कधी फ्रिजवर, कधी येशूच्या फोटोमागे, एकदा तर पिठाच्या डब्यात निघाली. माझा ब्रायन आणि माझी हिना दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून शाळेत गेलेली आहेत आणि त्यांचं काही वाकडं झालेलं नाही. इझाबेल भिंतीपलीकडून विचारायची, "मार्था, अगं घर आहे की बाजार?" मी म्हणायची, "बाजार आहे, बाय. काय हवं ते घेऊन जा." मग दोघी हसायचो. तेव्हा हसू यायचं.

तिचंही खोटं नव्हतं म्हणा. ती उजाडायच्या आधी वाडीत मोगरा खुडायला जायची, तिथून पाटी घेऊन बाजाराला. पीटर केळीत पाणी लावत असायचा. पोरं आपली आपण उठायची, आपली आपण शाळेत जायची. आईला हाक मारून रिबन कुठे, वही कुठे, विचारायची सोयच नव्हती. म्हणून तिने घरातल्या वस्तू न् वस्तूला जागा नेमून दिली. ओसरीवर चपला, तोंडं बाहेरच्या बाजूला. कात्री खिडकीशेजारच्या खिळ्यावर. कोयता दाराआडच्या खिळ्यावर. आणि खिळ्यावरची वस्तू घेतली की आपली एखादी वस्तू तिथे अडकवायची, म्हणजे कोणी नेली ते कळतं. तिची थोरली ब्रेंडा कात्री घेताना शाळेचा पट्टा अडकवायची. धाकटा जोएल रुमाल. पीटरला कोयता न्यायचा असला की डोक्यावरची टोपी काढून ठेवावी लागे. बिचारा भर उन्हात उघड्या डोक्याने केळीचे घड कापत फिरायचा. मी विचारलं, "भाऊजी, टोपी कुठाय?" तर म्हणे, "गहाण ठेवली आहे." पण बायकोला एक शब्द बोलला नाही कधी.

कपाट लाकडी होतं, सासऱ्यांच्या वेळचं. त्यात चौघांचे चार कप्पे. वरचा पीटरचा, त्याखालचा तिचा, मग ब्रेंडाचा, तळाचा जोएलचा, कारण तो लहान. दुसऱ्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या कप्प्यात ठेवायची नाही. ठेवली तर गेली. जोएलने एकदा खेळताना आपल्या गोट्यांची पिशवी ब्रेंडाच्या कप्प्यात टाकली. ब्रेंडा म्हणाली, माझ्या झाल्या. पोरगा आडवा पडून रडला, मला भिंतीपलीकडे बसवेना. मी जाऊन म्हटलं, "बाय, दे की त्याच्या गोट्या, लेकरू आहे." इझाबेल तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याच्या कप्प्यात, त्याचं. नसतं ठेवायचं तिथे." गोट्या ब्रेंडालाच मिळाल्या. ती कधी गोट्या खेळलीसुद्धा नाही.

आणि दुसरा नियम नाताळचा. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी मिस्साहून आलं की प्रत्येकाने आपला कप्पा खाटेवर रिकामा करायचा. मागच्या नाताळपासून जे वापरलं नाही ते पिशवीत. पिशवी चर्चमध्ये, तिथून पाड्यांवरच्या गरिबांना. चांगलंच काम होतं, कोण नाही म्हणेल? फादरांनी एकदा प्रवचनात तिचं नाव न घेता सांगितलं, की आपल्या गावात एक आई आहे, ती मुलांना रिकामं व्हायला शिकवते. इझाबेल त्या दिवशी घरी येईपर्यंत जमिनीकडे बघत चालली होती, पण कान लाल झालेले मी बघितले.

आता बाहुलीचं सांगते. आमच्या सासूबाईंनी ब्रेंडाला एक कापडी बाहुली शिवून दिली होती. काळ्या बटणांचे डोळे, लाल चिंधीचं लुगडं. पोरगी जीव टाकायची तिच्यावर. असाच तो रविवार. मी काहीतरी मागायला तिच्या घरात गेले, बहुतेक कात्रीच, तर खाटेवर कप्पे पालथे घातलेले आणि ब्रेंडा बाहुली छातीशी धरून उभी. इझाबेलने विचारलं, "वर्षभरात किती वेळा खेळलीस हिच्याशी?" पोरगी खोटं बोलायला शिकलेलीच नाही. म्हणाली, "नाही खेळले. मळेल म्हणून नाही काढली. नीट राहावी म्हणून आत ठेवली." "मग वापरली नाहीस ना?" "नाही, पण आई, मला ती हवी आहे." "वापरलं नाही म्हणजे नको आहे." झालं. बाहुली पिशवीत गेली. ब्रेंडा जोएलसारखी आडवी पडली नाही. तिने स्वतःच्या हाताने पिशवीचं तोंड बांधलं आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सासूबाई ओसरीवर होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मी भांडले हो तिच्याशी. म्हटलं, "दगड आहेस की आई?" ती म्हणाली, "आज बाहुलीला सूट दिली की उद्या सगळ्यालाच द्यावी लागेल. मग तुझ्यासारखं होईल घर." कपाळ माझं!

पण सूट तिने स्वतःला दिलेली होती. एकच. खाटेखाली पत्र्याची पेटी होती, तिला आगमनकाळ लागू नव्हता. त्या पेटीत तिचं लग्नाचं लुगडं होतं, लाल, चौकड्याचं, तिच्या बापाने मुद्दाम विणून घेतलेलं. लग्नात पीटरच्या हातून वाईन सांडली, त्याचा डाग पदरावर होता. पोरांच्या बाप्तिस्म्याला ती ते नेसली, काही वर्षं सणाला नेसली, मग साड्या आणि गाऊन आले आणि लुगडं पेटीत गेलं. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांना त्यांच्या लाल लुगड्यात नेलं. अंग पुसायला, नेसवायला आम्ही दोघी जावाच होतो. इझाबेलने एवढ्या मायेने निऱ्या घातल्या, की जणू नवरी नटवते आहे. काम झाल्यावर हात धुताना मला म्हणाली, "मार्था, मला पण असंच न्यायचं. माझं लुगडं पेटीत आहे." मी म्हटलं, "पोरांना सांगून ठेव." तर म्हणे, "सांगायचं काय त्यात? खाटेखालची पेटी कशासाठी आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे. जागेवर आहे ना? मग झालं."

तिचा विश्वासच तो. वस्तू जागेवर असली की बोलावं लागत नाही. बाई आयुष्यभर पोरांशी फार बोलली नाही. जागा दाखवल्या फक्त.

पोरं मोठी झाली. पीटर गेला. जोएल कुवेतला लागला, नाताळला यायचा. ब्रेंडाचं लग्न झालं, वसईला स्टेशनजवळ फ्लॅट. तिचं घर बघाल तर थक्क व्हाल. डब्यांना सारखी झाकणं, टॉवेल रंगवार, आणि तिची पोरगी प्रियल शाळेतून आली की बूट आपोआप ओळीत. मला तर त्या घरात चहाचा कप कुठे टेकवावा कळत नाही, मी हातातच धरून बसते. पण एक गोष्ट मी बघितलेली आहे. इझाबेल तिच्याकडे जायची तेव्हा ब्रेंडा आईच्या पाठी पाठी फिरायची, एकेक कपाट उघडून दाखवायची, आणि आईच्या तोंडाकडे बघायची. इझाबेल मान हलवायची. "ठीक आहे" म्हणायची. चाळीशीला आलेली बाई, पण "शाब्बास" ऐकायला तशीच उभी.

इझाबेल गेली त्याच्या आदल्या वर्षी पावसात आळीत पाणी भरलं. आता भरतंच, सगळीकडे भराव आणि बिल्डिंगा, पाणी बिचारं जाईल कुठे! दोघींच्या घरांत घोट्याच्या वर पाणी. माझं अर्धं घर भिजलं आणि मला कळलंसुद्धा नाही काय काय गेलं. इझाबेलची पेटी तळातून गंजून फुटली. नशिबाने लुगडं वरच्या बाजूला होतं, कोरडं राहिलं. तिने ते उशीच्या अभ्र्यात घातलं. आता ठेवायचं कुठे? तिचा कप्पा भरलेला. पीटरच्या कप्प्यात त्याचे कपडे, ते तिने कधी हलवले नाहीत. बघा, तिथेसुद्धा सूट होतीच म्हणायची. जोएलचा कप्पा ओला. ब्रेंडाचा तेवढा रिकामा, नुसते शाळेचे दाखले पडलेले. तिने तिथे ठेवलं. मला म्हणाली, "जोएल नाताळला आला की नवी पेटी आणायला सांगते, तोपर्यंतच." आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने वस्तू दुसऱ्याच्या कप्प्यात ठेवली.

नोव्हेंबरात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, काळा चष्मा. नेमकी मी तेव्हा हिनाच्या बाळंतपणाला मीरा रोडला. म्हणून पुढचं मला इझाबेलने सांगितलं तेवढंच. आगमनकाळाचा पहिला रविवार आला. ब्रेंडा आईला म्हणाली, "तू ओसरीवर बस, कपाट मी रिकामं करते." इझाबेल खूश. ओसरीवर बसून आतले आवाज ऐकत होती, खाटेवर काय पडलं, पिशवीत काय गेलं, सगळं तिला आवाजावरून कळत होतं. मग ब्रेंडाने आतून विचारलं, "आई, माझ्या कप्प्यातलं मी घेते हं?" आणि इझाबेल म्हणाली, "घे की. तुझंच आहे." तिच्या मनात शाळेचे दाखले.

लुगडं डोक्यातून निसटलं होतं तिच्या. निसटणारच, ते जागेवर नव्हतं ना.

नाताळ झाला. जोएल आला, पेटी राहून गेली, डॉक्टरांचीच गडबड. जानेवारीत चर्चच्या मैदानावर मुलांचा कार्यक्रम होता, आपल्या जुन्या चालीरीतींचा. तोवर मी परत आले होते. आम्ही दोघी पुढच्या रांगेत, ब्रेंडाने आधीच खुर्च्या धरून ठेवलेल्या. इझाबेलचा काळा चष्मा गेला होता, नव्या डोळ्याने तिला सगळं लख्ख दिसत होतं. वाजंत्री सुरू झाली आणि पोरी आल्या. पुढे प्रियल. लाल लुगडं, डोक्यावर फुलांची वेणी, कमरेवर पाटी. लुगडं कसलं, घागराच तो, नाडीचा, पोरीच्या मापाने शिवलेला. मागच्या दोघींच्या अंगावर त्याच लाल चौकड्याच्या ओढण्या. माईकवरून सांगितलं, प्रियलने आपल्या आजीच्या लग्नाचं लुगडं घातलं आहे. टाळ्याच टाळ्या.

मी इझाबेलकडे बघितलं. तिने माझा हात धरला होता, नखं रुतली मला. म्हणाली, "मार्था, ते रफू माझंच आहे, घेराला." एवढंच. मग हात सोडला आणि टाळ्या वाजवायला लागली. सगळे थांबले तरी ती वाजवतच होती.

ब्रेंडा धावत आली. तोंड नुसतं फुललेलं. "आई, कसं वाटलं? माझ्या कप्प्यात तू ठेवलंस ना, मला लगेच कळलं, प्रियलसाठीच असणार. एवढं मोठं पोरीला कसं नेसवणार, म्हणून कापून घेतलं. उरलेलंसुद्धा वाया नाही घालवलं." इझाबेल म्हणाली, "छान झालं." ब्रेंडा तिच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, जाते आत्ताच्या आत्ता त्या ब्रेंडाकडे, विचारते, अगं आईचं लग्नाचं लुगडं कापताना हात नाही कापले तुझे? इझाबेलने दार लावून घेतलं. "तिचं काय चुकलं? तिच्या कप्प्यात होतं. मी शिकवलं तेच केलं तिने." मी म्हटलं, "मग निदान सांग तरी तिला, काय घालवलंस ते. जन्मभर लक्षात ठेवेल." ती खाटेवर बसली. म्हणाली, "ती पोरगी बाहुली धरून उभी होती, मार्था. हवी आहे म्हणाली होती. नीट राहावी म्हणून आत ठेवली म्हणाली होती. मी ऐकलं का? आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की माझं पण तसंच होतं?" आणि मला भिंतीवरच्या क्रुसावर हात ठेवायला लावला, की ब्रेंडाला सांगणार नाहीस. मी ठेवला. राग तर असा आला होता मला, दोघींचा, पण ठेवला.

मी म्हटलं, नवं लुगडं बघू कुठे मिळतं का. तर म्हणे, "मिळेल गं. पण त्यात माझं लग्न झालेलं नसेल."

दुसऱ्या दिवशी मी तडक त्या शिंप्याकडे गेले, चर्चच्या वाटेवरच्या. त्याच्या चिंध्यांची गोणी पालथी घातली. तो ओरडायला लागला, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. हाताएवढा एक तुकडा निघाला, पदराचा, डाग पडलेला. डाग होता म्हणूनच त्याने कापून टाकला होता. मी तो इझाबेलला आणून दिला. तिने नाकाशी धरला. मग माझ्याच हातात परत दिला. "तुझ्याकडे ठेव," म्हणाली. "माझ्याकडे सापडेल कोणालाही. तुझ्या घरात कोणाला सापडणार आहे?" आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

त्यानंतर ती बाई बदलली. पहिल्यांदा मला वाटलं, नजरचूक असेल. चपला ओसरीवर उलट्यासुलट्या. कात्री खिळ्यावर नाही, नी खिळ्यावर दुसरंही काही अडकवलेलं नाही. ओला टॉवेल मदर मेरीच्या पुतळ्याच्या खांद्यावर. मग कोयता उशीखाली निघाला आणि ब्रेंडा घाबरली. जोएलला फोन, आईला विसर पडायला लागला म्हणून. वसईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं. इझाबेलने सगळं बरोबर सांगितलं आणि बाहेर येताना त्याचं पेन आपल्या पर्समध्ये टाकून आणलं. मला म्हणाली, "बघूया, किती दिवसांनी शोधतो."

ब्रेंडाने मग डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, सुबक अक्षरात. साखर. मीठ. चहा. जे डबे लग्नापासून हलले नव्हते त्यांच्यावर चिठ्ठ्या! इझाबेलने साखरेची चिठ्ठी काढून मिठाला लावली. ब्रेंडा खारट चहा प्यायली आणि रडली. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, "आई, असं का करतेस गं? तूच शिकवलंस ना आम्हाला?" इझाबेलने काय उत्तर दिलं ते ऐकू नाही आलं.

संध्याकाळी मी जाऊन झापलं तिला. म्हटलं, "बाय, पुरे आता. पोरगी खंगायला लागली. काय चालवलं आहेस?" ती म्हणाली, "जागेवर ठेवलं की सापडतं, मार्था. सापडलं की जातं. तुझी पोरं बघ, अजून तुझ्याकडे येऊन विचारतात, आई, हे कुठे आहे, ते कुठे आहे. माझ्याकडे कोणी काही विचारायलाच येत नाही. मी सगळं सांगून टाकलं आहे." मी तिचा टॉवेल उचलला आणि दोरीवर टाकला. तिने तो परत काढून पुतळ्यावर ठेवला.

ईस्टर झाल्यावर ती गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. दार मीच उघडलं. ब्रेंडा तासाभरात आली आणि मग काय, काम सुरू. फोन कोणाला करायचे, बर्फ, शवपेटी, फुलं, फादर, जोएलचं विमान. सगळं चोख. मी म्हटलं, "अंग मी पुसते, नेसवते मी. तुझ्या आजीला आम्ही दोघींनीच नेसवलं होतं." ब्रेंडा म्हणाली, "नको काकी, तुमची कंबर दुखते. मी माणसं ठरवली आहेत, ती सगळं करतात." तिला वाटलं, काकीला आराम. केलं बरं का त्यांनी सगळं. सायीच्या रंगाची सॅटिनची साडी, पांढरे हातमोजे, गालाला पावडर. इझाबेल अशी दिसत होती की मलासुद्धा दोनदा बघावं लागलं.

जोएल आला त्या दिवशी माती. मी सकाळी उठून माझ्या बाजारात हात घातला. लोक म्हणतात माझ्या घरात काही सापडत नाही. बटणांच्या डब्यात, जुन्या मोज्यात होता तो तुकडा, पहिल्या झटक्यात निघाला. मुठीत धरून गेले. घर माणसांनी भरलेलं, पेटीवर काचेचं झाकण. मी ब्रेंडाला बाजूला घेतलं. "झाकण जरा काढ. मला आत एक ठेवायचं आहे." ती हळूच म्हणाली, "काकी, आता नको. सगळं नीट लावलं आहे. फादर येतीलच." मी मूठ उघडली. तिने बघितलं. "हे प्रियलच्या डान्सचं ना? ह्याचं आता काय, काकी?"

क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द मी मोडला. देव काय ते बघून घेईल. सगळं सांगितलं, माणसांसमोर, हळू आवाजात सांगायचं भानही राहिलं नाही. खाटेखालची पेटी कशासाठी होती. आजीला कसं नेलं होतं. पाणी भरलं तेव्हा काय झालं. कोयता उशीखाली का होता. आणि हेही सांगितलं, की तुला कळू नये म्हणून तिने माझं तोंड बांधलं होतं.

ब्रेंडा रडली नाही. लहानपणी भिंतीकडे तोंड करून बसायची तसं तिचं तोंड झालं. म्हणाली, "माझ्या कप्प्यात होतं, काकी. अभ्र्यात, नीट घडी करून. आईने न मागता मला काही दिलं असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, त्या बाहुलीबद्दल असेल." मग म्हणाली, "एकदा बोलली असती तर."

मी म्हटलं, "तू बोलली होतीस ना, बाहुलीच्या वेळी?" बोलले आणि जीभ चावली. पण निघून गेलं ते निघून गेलं.

फादर ओसरीवर आले. माणसं उठून उभी राहिली. जोएलने काही न विचारता झाकण उचललं. मी तो तुकडा ब्रेंडाच्या हातात दिला. तिने तो आईच्या हातांपाशी नेला, तिथे हातमोजे आणि रोझरी होती. छातीवर नेला, तिथे फुलं रचलेली. पायांकडे नेला आणि परत आणला. सॅटिनवर तो डागाळलेला लाल तुकडा कुठेच बसेना. माणसं थांबलेली. शेवटी ती माझ्याकडे वळली, ती ब्रेंडा, जिच्या घरात मला कप टेकवायला जागा सापडत नाही.

"काकी, कुठे ठेवू हे? ह्याची जागा कुठली?"

मी म्हटलं, "आता कुठेही ठेव, पोरी."